लूमिसबाईंचा छापखाना आणि एक खोटी कबुली

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे कारभारी आदरणीय डीकन ओबेड फेल्प्स, व्यासपीठावर बसलेले आपले वयोवृद्ध पाद्रीबाबा रेव्हरंड एलिफलेट स्ट्राँग, ज्यांच्यासाठी आपण पेरणीचे दिवस असूनही हातातली कामं टाकून या प्रार्थनामंदिरात जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती थँकफुल लूमिस, त्यांना ओहायोला घेऊन जायला इतक्या लांबून आलेल्या त्यांच्या कन्या आणि जावई, आणि हॅरोफील्डच्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षमहाराजांनी मला पाव तास दिला आहे. चाळीस वर्षं मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. जागा किती आणि मजकूर किती, याचा अंदाज मला बरा येतो. पण बोलण्याची सवय नाही. आमच्या धंद्यात दुसऱ्यांनी बोलायचं आणि आम्ही जुळवायचं. तेव्हा पाव तासाचा अर्धा तास झाला तर डीकनसाहेबांनी खुशाल माझा कोट ओढावा.

मालकीणबाई परवा पहाटे निघणार. बैलगाडी भरली आहे. छापखाना नॉर्थम्प्टनच्या एका गृहस्थांनी घेतला, यंत्र काल उतरवलं. आज सकाळी सवयीनं मी तिथे गेलो, कुलूप उघडलं आणि नुसता उभा राहिलो. जमिनीवर यंत्राच्या चार पायांचे चार पांढरे चौकोन. बाकी सगळी फळी शाईनं काळी. त्या फळीचा खरा रंग कोणता, हे चाळीस वर्षांनी मला आज कळलं.

काय काय छापलं हो आपण तिथे! तुमच्या मुलांची अक्षरओळख, तुमची स्तोत्रं, निवडणुकीच्या दिवशीची पाद्रीबाबांची प्रवचनं, चुकलेल्या गायींच्या जाहिराती. दर वर्षी पंचांग. चुलीशेजारी खिळ्याला अडकवलेलं ते पंचांग हॅरोफील्डच्या कुठल्या घरात नव्हतं? स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत कागद बनवायला चिंध्या मिळेनात, तेव्हा बाई स्वतः दारोदार फिरल्या. "जुनेर द्या, पुस्तक होऊन परत येईल," म्हणायच्या. डीकनसाहेब, तुमच्या तीर्थरूपांचा लग्नातला सदरा सतराशे एकोणऐंशी सालच्या पंचांगात आहे. तुमच्या मातोश्रींनी रडत रडत दिला होता. नंतर ते पंचांग त्या कोणाला हात लावू देत नसत.

आणि शाई लावायचे ते मेंढीच्या कातड्याचे गोळे! कातडं मऊ राहावं म्हणून रात्रभर कशात भिजवत ठेवायचे, ते या पवित्र वास्तूत मी सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे ते हसताहेतच. एका वर्षी माझ्या हातून अर्धी पानं उलटीपालटी लागली आणि 'लग्नाचा केक' या मथळ्याखाली घोड्याच्या पोटदुखीचं औषध छापलं गेलं. प्रती विकल्या गेल्यावर कळलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. बाई फक्त इतकंच म्हणाल्या, "ॲसाहेल, घोडे तरी या वर्षी मजेत राहतील."

हसा, हसा. पण आता जे सांगणार आहे ते हसण्याचं नाही. आणि ते सांगायचं की नाही, याचा मी गेली छत्तीस वर्षं विचार करतो आहे.

डॉर्कस बीबची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण मागच्या बाकांवर बरीच तरुण मंडळी आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो.

एक्याऐंशी सालचा हिवाळा. लढाई अजून मिटली नव्हती. बाईंचे यजमान कॅप्टन लूमिस छावणीत देवी येऊन वारले, त्याला चार वर्षं झाली होती. पदरात लहान मुलगी, डोक्यावर छापखाना. गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी सल्ला दिला की बाईमाणसाचं हे काम नव्हे, विकून टाका. बाईंनी दारावरच्या पाटीवरचं यजमानांचं नाव तसंच ठेवलं आणि काम सुरू ठेवलं. खिळे यायचे विलायतेहून, आणि भांडण चाललेलं विलायतेशीच! त्यामुळे होते तेच झिजलेले खिळे पुन्हा पुन्हा वापरायचे. एक सोळा पानी पुस्तिका जुळवली की सगळे खण रिकामे. ती छापून झाली, खिळे सोडवून परत खणात घातले, की मग दुसरी.

डॉर्कस ही टेकडीखालच्या एका शेतकऱ्याकडे कामाला होती. विशीतली, आईबाप नसलेली. तिला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. एके दिवशी गोठ्यामागे ती बाळंत झाली आणि मूल मेलेलं सापडलं. तेव्हाचा कायदा असा होता की कुमारिकेनं बाळंतपण लपवलं आणि मूल मेलं, तर ते आईनंच मारलं असं धरून चालायचं. डॉर्कस म्हणाली, मी लपवलं नव्हतं, टेकडीपलीकडच्या एका सुइणीला सांगून ठेवलं होतं. तिला सुइणीचं नाव माहीत नव्हतं. कोर्टानं माणूस पाठवला, तर तिने सांगितलेल्या घराला कुलूप. झालं. फाशीची तारीख ठरली.

आता तरुण मंडळींना हे खरं वाटणार नाही, पण फाशी म्हणजे तेव्हा जत्राच असायची. दहा गावांतून माणसं यायची. पाद्रीबाबांचं प्रवचन व्हायचं, आणि ते प्रवचन आणि मरणाऱ्याची कबुली अशी पुस्तिका तिथल्या तिथे हातोहात खपायची. कबुलीच्या शेवटी तरुणांना उपदेश करणारं पद्य. पद्य नसेल तर लोक पुस्तिका चाळून परत ठेवायचे.

तर पुस्तिकेचं काम आमच्याकडे आलं. प्रवचन पाद्रीबाबांचं. कबुली जुळवली, पद्य जुळवलं, कच्चा छाप काढला. बाईंचा एक नियम होता, तो त्यांनी आजपर्यंत कधी मोडला नाही. ज्याचं बोलणं छापायचं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. आमदार असो की गाय हरवलेला शेतकरी. मी म्हटलं, "मालकीणबाई, ती तुरुंगात आहे. तिला कसलं वाचून दाखवायचं?"

"का? तिला तोंड नाही का?" त्या म्हणाल्या. "कंदील नको, अजून उजेड आहे. चल."

आम्ही गेलो. तुरुंगाधिकाऱ्यानं कुरकुरत दार उघडलं. डॉर्कस गवतावर बसली होती, अंगाभोवती घोड्याची झूल. बाईंनी ओला छाप उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "डॉर्कस, तुझी कबुली वाचते हं. काही चुकलं तर सांग."

"माझी कसली कबुली?"

बाई वाचू लागल्या. मी कशी लहानपणापासून प्रार्थना चुकवली, कशी नाचगाण्याला भुलले, कसं या दुष्ट हातांनी निष्पाप जीवाचा गळा दाबला. मग पद्य. डॉर्कस तोंड उघडं टाकून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने बाईंना विचारलं,

"हे कोण बोलतंय, बाई?"

"तूच."

"मी? मला तर यातले निम्मे शब्द समजले नाहीत. आणि नाचायला मी कधी गेले हो? पहाटे गायी, संध्याकाळी गायी."

"मग तू काय म्हणाली होतीस?"

"पाद्रीबाबा आले होते, त्यांना म्हटलं, मी मारलं नाही. त्यांनी प्रार्थना केली. बाकीचं कुणी विचारलंच नाही."

लूमिसबाईंनी कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला शिसपेनीनं लिहायला लागल्या. "मी विचारते," म्हणाल्या. "सावकाश सांग."

डॉर्कसनं सांगितलं. मूल आलं तेव्हाच निळं होतं, रडलंच नाही. तिने ते आपल्या पोटाशी धरून चोळलं, त्याच्या तोंडात फुंकर घातली. आणि सुईण म्हणजे टेकडीपलीकडची, एका डोळ्यानं अधू, बोलताना हात हलवणारी बाई होती. तिला आगाऊ म्हणून डॉर्कसनं स्वतः विणलेले निळे हातमोजे दिले होते. अंगठ्यापाशी लोकर संपली, म्हणून तिथे लाल घातली होती. बाईंनी ते लाल अंगठेसुद्धा लिहून घेतले.

मी म्हटलं तसं, खिळे एकाच पुस्तिकेपुरते होते. खोटी कबुली मोडल्याशिवाय खरी जुळवता येत नव्हती. बाईंनी ती मोडायला लावली. प्रवचन गेलं, पद्य गेलं. त्याच अक्षरांनी आम्ही डॉर्कसचं म्हणणं जुळवलं, तिच्याच साध्या शब्दांत, आणि वर बाईंनी चार ओळी घातल्या: आधी तयार झालेली कबुली या मुलीची नव्हती, ही तिची आहे, मी तिला वाचून दाखवली आहे, तिने होकार दिला आहे. खाली स्वतःचं नाव, पूर्ण. पहिल्यांदाच यजमानांचं नव्हे, स्वतःचं.

गाव खवळलं. इथे बसलेल्यांपैकी काहींचे वडीलही खवळलेल्यांत होते, मी नावं घेत नाही. न्यायाधीशांचा अपमान, पाद्रीबाबांचा अपमान, कायद्याचा अपमान! आमच्या खिडक्या फुटल्या. निम्म्या घरांनी आमच्याकडे छापलं जाणारं वर्तमानपत्र घेणं बंद केलं. बाजारात बायका बाईंकडे पाठ फिरवायच्या. एक म्हणाली, "विधवा बाईनं आपली चूल सांभाळावी, खुनी पोरींची वकिली कशाला?" बाई म्हणाल्या, "माझी चूल शाईवर चालते, त्याला मी काय करू?" आणि टोपली उचलून पुढे गेल्या. घरी आल्यावर मात्र त्या दाराला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी आतून पाहिलं आणि कामात असल्यासारखं दाखवलं.

पुस्तिका गावात कोणी घेईना. शेवटी भांडी विकणाऱ्या एका फेरीवाल्यानं टोपलीच्या तळाशी गठ्ठा टाकला आणि उत्तरेला निघून गेला. आम्ही आशा सोडली.

फाशीला चार दिवस उरले होते. बर्फातून एक बैलगाडी, चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेली, आमच्या दारात थांबली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. एक डोळा अधू. दोन्ही हात वर करून ओरडली, "लूमिस कोण आहे इथे?" त्या हातांत निळे मोजे आणि अंगठे लाल!

तिचं नाव केझाया नोबल. लेकीच्या बाळंतपणासाठी ती व्हरमाँटच्या बाजूला गेली होती आणि बर्फात अडकली. तिथे संध्याकाळी जावई फेरीवाल्याकडून घेतलेली पुस्तिका चुलीपाशी मोठ्यानं वाचत होता. ती ऐकत होती, विणत होती. मोज्यांपर्यंत आल्यावर तिने हातातलं विणकाम टाकलं. "थांब, थांब, पुन्हा वाच! अरे, ही तर माझ्याकडे येऊन गेलेली पोर! हे मोजे माझेच!" दुसऱ्या दिवशी तिने जावयाला गाडी जोडायला लावली.

सुईण ठरवलेली असेल, तर बाळंतपण लपवलं असं कसं म्हणणार? केझायाबाईंनी मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगितलं. आणि तो कागद घेऊन बॉस्टनला घोड्यावरून कोण गेलं? हे आपले पाद्रीबाबा. छातीत कफ भरलेला असताना, त्या बर्फात. गव्हर्नरची सही घेऊन ते परतले तेव्हा फाशीचा खांब उभा झाला होता. त्याच लाकडाचं पुढे कुणीतरी कोंबड्यांचं खुराडं केलं.

डॉर्कस सुटली. तिला कामावर घ्यायला कोणी तयार नव्हतं. बाईंनी तिला छापखान्यात पानं दुमडायला आणि शिवायला ठेवलं. चार वर्षं ती होती. तिथेच वाचायला शिकली. मग एका पिंपं बनवणाऱ्याशी लग्न करून न्यूयॉर्कच्या बाजूला गेली.

तर ही गोष्ट. गाव अशीच सांगतं आणि शेवटी एक वाक्य जोडतं. तुम्हाला ते वाक्य माहीत आहे. मी ते लग्नांत ऐकलं, बाजारात ऐकलं, एकदा तर याच मंदिराच्या पायरीवर ऐकलं. 'खोटी कबुली पाद्रीबाबांनी लिहिली होती, पण लूमिसबाईंनी ती छापू दिली नाही.'

मंडळी, पाद्रीबाबांनी ती लिहिली नव्हती.

पाद्रीबाबांनी प्रवचनाबरोबर मला चार ओळींचा कागद दिला होता. तो मला आजही पाठ आहे. 'बंदिनी आपण निर्दोष असल्याचे सांगते. ती फार रडते. मला तिच्या मनाचा ठाव लागला नाही. सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी.' बस. मी तो वाचला आणि मला वाटलं, हे कोण विकत घेणार? मी चोवीस वर्षांचा होतो, स्वतःला मोठा लेखक समजत होतो. माझ्यापाशी बॉस्टनच्या तसल्या पाचसहा कबुल्या होत्या. त्यांतून थोडं घेतलं, थोडं पदरचं घातलं. प्रार्थना चुकवणं माझं. नाच माझा. गळा दाबणारे दुष्ट हात माझे. पद्य तर सगळंच माझं, आणि मला त्याचा अभिमान होता! पाद्रीबाबा आजारी होते, त्यांना कच्चा छाप पाहता आला नाही, आणि मीही तो नेऊन दाखवला नाही.

तुरुंगात ती मुलगी विचारत होती, 'हे कोण बोलतंय?' तेव्हा बोलणारा तिच्यापासून तीन पावलांवर, हातात टोपी घेऊन उभा होता.

परत येताना बाईंनी विचारलं, "ॲसाहेल, हे कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, "मी."

त्या पुलापर्यंत माझ्यापुढे चालत गेल्या. पुलावर थांबून म्हणाल्या, "घरी गेल्यावर सगळं मोड. एक एक अक्षर तुझ्या हातानं. मी मदत करणार नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोडायला बसलो. 'निष्पाप' हा शब्द मोडताना हात थांबला. बाईंनी वर न बघता म्हटलं, "तो खणात जाऊ दे. लागणार आहे आपल्याला."

पुढे गावानं पाद्रीबाबांवर ठपका ठेवला, तेव्हा मी बाईंकडे गेलो. म्हटलं, "तुम्ही लोकांना खरं सांगणार?" त्या म्हणाल्या, "ते तुझं बोलणं आहे. तुझ्या तोंडून निघेल तेव्हा निघेल." आणि छत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही, नजरेनंसुद्धा, मला त्याची आठवण करून दिली नाही. मी हे औदार्य समजत होतो. आता साठीत आल्यावर वाटतं, ते औदार्य होतंच, पण फार जड होतं.

पाद्रीबाबा, तुम्ही का बोलला नाहीत, हे मला कधी कळलं नाही...

काय? जरा मोठ्यानं... हो, हो. मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल, सांगतो. पाद्रीबाबा म्हणताहेत, "तिने मला सांगितलं होतं की मी मारलं नाही. तरी मी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही. तेवढा ठपका माझ्याच नावावर हवा होता." आणि... आणखी काय? पाद्रीबाबा म्हणताहेत, "मात्र ते पद्य माझं आहे असं लोक छत्तीस वर्षं समजत होते, याचं मला मनापासून दुःख झालं. इतकं वाईट पद्य मी जन्मात लिहिलं नसतं."

हसा, आता खरंच हसा. मालकीणबाईसुद्धा हसताहेत. मी मात्र डोळे पुसून घेतो.

एका व्यक्तीला मात्र हे मी कधीच सांगू शकलो नाही. डॉर्कस चार वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर सुई चालवायची. बाई तिला अक्षरं शिकवायच्या, मी खिळे जुळवायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. एकदा तिने मला विचारलंही, "ॲसाहेलदादा, तुम्ही माझ्याकडे कधी बघत का नाही हो?" मी म्हटलं, "कामात असतो." अकरा वर्षांपूर्वी ती वारली. तिच्या मुलीचं पत्र आलं होतं, बाईंच्या नावे. तिच्यापुढे बोलायची वेळ मी घालवली. ती आता परत मिळायची नाही.

आज बोललो, कारण परवा बाई जाणार. त्या गेल्यावर या गावात खरं माहीत असलेले पाद्रीबाबा आणि मी, असे दोन गप्प बसलेले म्हातारेच उरलो असतो, आणि गावानं पाद्रीबाबांबद्दल तेच वाक्य पुढच्या शंभर वर्षांसाठी पाठ केलं असतं. एवढ्या लोकांच्या तोंडी माझं खोटं ठेवून मला मरायचं नव्हतं.

मालकीणबाई, ओहायोत म्हणे अजून झाडंच जास्त आणि माणसं कमी. तिकडे लेकीच्या घरी सुखानं राहा. तिथे कोणी छापखाना काढला, तर तुम्ही स्वस्थ बसणार नाही, हे तुमच्या जावयांना मी आत्ताच सांगून ठेवतो.

डीकनसाहेबांनी अजून कोट ओढला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. ज्या भगिनींनी काकवीतला घेवडा, मक्याची भाकरी आणि सफरचंदाचा आंबूस रस मांडून ठेवला आहे, त्यांचे आभार. अन्न थंड होत असताना तुम्ही मला थांबवलं नाहीत. तुम्हा सर्वांचे आभार.

अशा वेळी वक्त्यानं शेवटी म्हणायचं असतं की बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आजच्या बोलण्यात मी काही कमीजास्त केलेलं नाही, मंडळी. जे कमीजास्त केलं ते एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात. तुम्हाला जमलं, तर त्याला क्षमा करा.

पाद्रीबाबा, तुमचा हात द्या. पायरी उंच आहे, मी तुम्हाला खाली नेतो.